कुंडीतला माईक, गोधडीतला कॅमेरा: ‘बोलपट’ भागाविषयी वाचकांचे प्रश्न

सध्या सुरू असलेल्या जुन्या कोल्हापूरच्या विनोदी मालिकेतल्या एका भागावर या वेळी भरपूर पत्रं आली. ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: साल १९३२. मूकपट काढणारी एक काल्पनिक कंपनी पहिला बोलपट करायला निघते. नायक पैलवान गडी आहे, पण आवाज अगदी बारीक. नायिकेला कुंडीत लपवलेल्या माईककडं तोंड करून प्रेमाचे संवाद म्हणावे लागतात. मध्येच कोंबडा आरवतो, संकलक बिडी ओढत फिल्म कापतो आणि शेवटी पडद्यावर नायकाच्या तोंडून नायिकेचा आवाज येतो.

हा भाग आम्हाला आवडला, हे आधीच सांगतो. त्यातले जे विनोद त्या काळच्या खऱ्या अडचणींवर उभे आहेत, ते नेमके पोचलेत. जिथं लेखकांनी अडचण सोयीनं बाजूला सारली, तिथं प्रसंग ढिला पडलाय. खालच्या बहुतेक उत्तरांत हाच धागा आहे.

माईक खरंच कुंडीत लपवायचे का? की हसवण्यासाठी रचलंय? (शाहूपुरी)

लपवायचेच. कुंडी, फुलदाणी, झाडाची फांदी, पलंगाची उशी, जिथं जागा मिळेल तिथं. तेव्हाचे माईक आकारानं मोठे आणि वजनदार होते. त्यांना चहूबाजूंचा आवाज सारखाच ऐकू यायचा आणि बोलणारा दोन पावलं लांब गेला की आवाज एकदम पडायचा. त्यामुळं नटानं कुठं उभं राहायचं हे दिग्दर्शक ठरवत नसे, माईक ठरवत असे. चालता चालता बोलायचं असेल तर वाटेत दोन-तीन ठिकाणी माईक ठेवावे लागत आणि ध्वनिमुद्रकाला एकाचा आवाज कमी करत दुसऱ्याचा वाढवावा लागे.

मालिकेत नायिका रागानं पाठ फिरवते आणि तरीही तिचं वाक्य खणखणीत ऐकू येतं. इथं हातचा विनोद गेला. पाठ फिरवल्याबरोबर वाक्याचा शेपटीकडचा भाग विरून जायला हवा होता आणि ध्वनिमुद्रकानं ‘कुंडीकडं रागवा!’ म्हणून ओरडायला हवं होतं.

याच प्रसंगात एक बारकावा फार छान आहे. नायक पत्र वाचतो त्याआधी एक पोऱ्या तो कागद पाण्यानं ओला करून आणतो. बऱ्याच प्रेक्षकांना ते कळलं नाही. कोरडा कागद उलगडताना होणारी कुरकुर माईकला फटाक्यासारखी ऐकू यायची, म्हणून कागद ओलसर करून वापरत. काचेच्या बांगड्या, पैंजण, रेशमी काठाची सळसळ यांचाही तोच त्रास. नायिकेच्या हातात भरगच्च चुडा ठेवून तो एकदाही वाजू दिला नाही, हे मात्र राहून गेलं.

कॅमेऱ्याला गोधड्या का गुंडाळल्या होत्या? आणि कॅमेरामन हँडल फिरवताना दाखवलाय, ते बरोबर आहे का? (उद्यमनगर)

गोधड्या बरोबर, हँडल चूक.

कॅमेऱ्याच्या आत फिल्म पंजानं खाली ओढली जाते, क्षणभर थांबते, पुन्हा ओढली जाते. त्याची खडखड शिवणयंत्रासारखी असते. मूकपटात तिचं कुणाला काही नव्हतं. बोलपट आला आणि ही खडखड थेट माईकमध्ये शिरली. बोलपटाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत हॉलिवूडमध्ये तर कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीवजा पेटाऱ्यात कोंडायचे. आत वारा नाही, बाहेर दिव्यांची धग. पुढं कॅमेऱ्यावर बसणारी जाड अस्तराची खोळ आली, तिला ब्लिंप म्हणतात. गोधडी म्हणजे गरिबाचा ब्लिंप. फक्त भिंगासमोर सुरकुती येऊ द्यायची नाही आणि मोटर तापते म्हणून मागची बाजू मोकळी ठेवायची.

आता हँडल. मूकपटाच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी, म्हणजे फिल्मवरची आठ चित्रं, सरकतात. सेकंदाला दोन फेरे म्हणजे सोळा चौकटी. हात थोडा मंद-जलद झाला तरी चालायचं, कारण सोबत आवाज नव्हता. आवाजाचं तसं नाही. वेग जरा हलला की सूर हलतो, माणसाचा आवाज कधी घोगरा तर कधी चिरका होतो. म्हणून बोलपटाला सेकंदाला चोवीस चौकटींचा पक्का वेग ठरला आणि हँडल जाऊन विजेची मोटर आली. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात सोळा चौकटी असतात. चारशे फुटांचा डबा हातानं फिरवताना सहा मिनिटं चाळीस सेकंद पुरायचा, तो मोटरवर साडेचार मिनिटांच्या आतच संपू लागला. मालिकेतला मालक ‘फिल्म खायला लागलं हे मशीन!’ म्हणून कपाळावर हात मारतो ते अगदी रास्त आहे. त्यामागचा हिशोब एका वाक्यात दाखवला असता तर तो जास्त हसवून गेला असता.

रात्री शूटिंग का? दिवसा दिवे वाचले नसते का? (जुना बुधवार)

दिवसा टांगे, फेरीवाले, कावळे, शेजारची गिरणी. मुंबईत १४ मार्च १९३१ ला लागलेला ‘आलम आरा’ हा भारतातला पहिला बोलपट. त्याचा स्टुडिओ रेल्वेरुळांजवळ होता, म्हणून त्याचं बरंच काम मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर चालायचं. कोल्हापुरात मिरजेची गाडी १८९१ पासून येते, तेव्हा तशीच अडचण इथंही दाखवता येते. पहाटे कोंबडा आरवतो तो प्रसंग म्हणूनच पटतो. कामाची वेळ कोंबड्यानं संपवायची, घड्याळानं नाही.

जाता जाता एक सांगायचं म्हणजे दिवे. मूकपटाच्या काळातले कार्बनचे आर्क दिवे गुणगुणतात. बोलपटासाठी ते मागं पडले आणि तारेचे मोठे बल्ब आले. मालिकेत आर्क दिवे लावलेत आणि त्यांची गुणगुण मात्र कुणालाच ऐकू येत नाही.

नायिका गाताना तिच्या मागं कुठंच वाजवणारे दिसत नाहीत. गाणं दुसऱ्या कुणी गायलं होतं का? (राजारामपुरी)

१९३२ मध्ये नाही. पार्श्वगायन आपल्याकडं १९३५ च्या सुमारास सुरू झालं. त्याआधी जो पडद्यावर गातो तोच तिथं, त्या क्षणी गातो. तबला, हार्मोनियम, सारंगी हे सगळे चौकटीच्या जेमतेम बाहेर, झाडाआड किंवा पडद्याआड, आणि त्याच माईकच्या आवाक्यात. तबला फार जवळ आला तर गाणाऱ्याचा आवाज बुडतो, फार लांब गेला तर ठेका हरवतो. मग वाजवणाऱ्यालाच हातभर पुढं-मागं सरकवायचं. म्हणून त्या काळात गाता येणारे नट लागत. कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीनं केलेला १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ घ्या, त्यात राजाच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे आहेत, म्हणजे मुळात पेटीवादक, गाणारा नट आणि संगीतकार माणूस. हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला होता. तोच सेट, तेच कपडे, आणि संवाद पुन्हा दुसऱ्या भाषेत. बारीक आवाजाच्या पैलवानाला हिंदीही बोलावं लागलं तर काय होईल, हा भाग मालिकेनं अजून लिहिलेला नाही. लिहावा.

नायकाच्या तोंडून नायिकेचा आवाज आला, हे शक्य आहे? (मंगळवार पेठ)

शक्य आहे, आणि त्यासाठी फार मोठी चूक लागत नाही. मालिकेत आवाज वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या फिल्मवर घेतलेला दाखवलाय. अशा वेळी चित्राची एक पट्टी आणि आवाजाची दुसरी. दोन्ही जुळवायच्या म्हणून शॉटच्या सुरुवातीला पाटीवरची फळी आपटतात. चित्रात फळी ज्या चौकटीत मिटते ती चौकट आणि आवाजाच्या पट्टीवर जिथं ठणका उमटतो ती जागा समोरासमोर आणली की पुढचं सगळं जुळतं. संकलकानं नंतर चित्रातून एखादा तुकडा काढला आणि आवाजातून तेवढाच काढायला विसरला, की त्यापुढची प्रत्येक ओळ सरकलेली राहते.

दोन-तीन चौकटी सरकल्या तरी ओठ आणि शब्द यांत काहीतरी खटकतं. एकाच्या तोंडी दुसऱ्याचं वाक्य यायला सुमारे दोन सेकंद सरकावं लागतं. म्हणजे अठ्ठेचाळीस चौकटी, तीन फूट फिल्म. मालिकेत संकलकाच्या खुर्चीखाली फिल्मचा एक तुकडा पडलेला दिसतो आणि झाडूवाली तो उचलून वेणीला गुंडाळते. तो साधारण तीन फुटांचाच आहे. ज्यानं हा प्रसंग रचला त्यानं मोजूनमापून रचलाय.

पाटीचं मात्र बिनसलं. पांढरी चकचकीत पाटी आणि मार्करची अक्षरं १९३२ मध्ये नसणार. काळा फळा आणि खडू हवा.

फिल्म कापताना बिडी! आमच्या माळ्यावरही जुनी रिळं आहेत, धोका आहे का? (कसबा बावडा)

आहे, आणि या उत्तराकडं नीट लक्ष द्या. मालिकेत ठिणगी पडते, फिल्म भुरकन पेटते, पोऱ्या बादलीभर पाणी ओततो आणि सगळे हसतात. त्या काळची ३५ मिलिमीटरची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती एकदा पेटली की जळण्यासाठी लागणारा प्राणवायू तिच्या स्वतःच्या रसायनातूनच मिळतो. पाणी टाकून, वाळू टाकून, डबा बंद करून ती विझत नाही आणि तिचा धूर विषारी असतो. म्हणूनच संकलनाच्या खोलीत बिडी-काडीला सक्त मनाई असे. आमच्या मते या एका प्रसंगात हशा घ्यायला नको होता. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत नायट्रेटच्या शेकडो जुन्या चित्रपटांची रिळं गेली, त्यात प्रभातच्या फिल्मही होत्या. ते नुकसान भरून येणारं नाही.

तुमच्या रिळांचं असं करा. आधी रुंदी मोजा. १६ किंवा ८ मिलिमीटरची घरगुती रिळं सुरुवातीपासून सहजी न पेटणाऱ्या फिल्मवरच निघत, त्यांची चिंता नाही. ३५ मिलिमीटरची असेल तर उजेडाकडं धरून कडेची बारीक इंग्रजी अक्षरं वाचा: ‘सेफ्टी’ की ‘नायट्रेट’? अक्षरं दिसत नसतील आणि रीळ १९५२ च्या आधीचं असेल, तर ते नायट्रेटच आहे असं धरून चाला. काडी लावून तपासू नका. आंबट सिरक्याचा वास येत असेल तर ती बहुधा नंतरची अॅसिटेट फिल्म, खराब होत चाललेली. पण फिल्म तपकिरी पडलेली, चिकट झालेली, डब्यात गंजासारखी भुकटी साचलेली आणि नाकाला झोंबणारा वास, ही नायट्रेट कुजत असल्याची खूण आहे.

असं रीळ पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, उन्हात वाळवू नका, प्रोजेक्टरवर चढवू नका. घरातल्या सगळ्यात थंड, हवेशीर जागी, स्वयंपाकघरापासून आणि विजेच्या बोर्डापासून लांब ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. एसटीनं किंवा कुरियरनं मात्र मुळीच पाठवू नका, तुमची रिळं कशी न्यायची हे त्यांनाच विचारा. आणि कुजलेलं दिसलं म्हणून कचऱ्यात टाकू नका. मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावातल्या माळ्यावर काय निघेल हे सांगता येत नाही.

मालिकेत मधे मूकपट दाखवला, त्यात माणसं तुरुतुरु पळतात. खरंच तसं दिसायचं? (ताराबाई पार्क)

नाही. सोळा चौकटींच्या वेगानं घेतलेली फिल्म चोवीसच्या वेगानं चालवली की दहा सेकंदांची चाल साडेसहा-सात सेकंदांत उरकते. पुढच्या पिढ्यांनी मूकपट असेच चुकीच्या वेगानं पाहिले आणि ते तसेच असतात असा समज झाला. त्या काळच्या थिएटरात ऑपरेटर वेग जुळवून घ्यायचा. १९३२ चे प्रेक्षक मूकपट पाहताना माणसं पळतात म्हणून हसत नव्हते.

याच तुकड्यात नायिकेचं कुंकू फिकट करडं दिसतं. जुन्या मूकपटांच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, म्हणून कुंकू, लाल ओठ, गालावरची लाली सगळं काळं पडे आणि निळं आभाळ पांढरंफटक. मालिकेनं रंगीत चित्रातला रंग नुसता काढून टाकलाय. मोबाइलवर हौस म्हणून करायचं असेल तर चित्र कृष्णधवल करताना लाल रंगाची पट्टी अगदी खाली ओढा आणि निळी वर चढवा. कुंकू लगेच काळं होतं. बोलपटाच्या पिवळट बल्बांसाठी मात्र लाल दिसणारी नवी फिल्म लागायची, तेव्हा बोलपटाच्या तुकड्यात हे करू नका.

काळाच्या चुका किती सापडल्या? (वेगवेगळ्या पत्रांतून)

टांगेवाल्याला दिलेला भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ मधला. १९३२ चा पैसा अखंड, त्यावर पंचम जॉर्ज. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. ‘पाच किलो खिळे’ नाही, शेरात सांगा. दशमान वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली. टांगा बिंदू चौकातून जाताना मागं पुतळे दिसतात, ते १९५० चे. ‘केशवराव भोसले नाट्यगृहात भेटू’ नाही, तेव्हा ते पॅलेस थिएटर. आणि मालक ‘उद्या शाहू महाराजांना भेटून येतो’ म्हणतो ही मोठी चूक. शाहू महाराज ६ मे १९२२ ला गेले. १९३२ मध्ये गादीवर राजाराम महाराज होते.

मालिकेतली भाषा कोल्हापुरी वाटत नाही, पण नेमकं काय चुकतंय ते सांगता येईना. (शिरोली)

चुकतंय ते असं. लेखकांनी ‘ण’चा ‘न’ केला, चार ठिकाणी ‘लई’ घातलं आणि तिला कोल्हापुरी म्हटलं. ती कुठलीही गावाकडची भाषा झाली. कोल्हापूरची ओळख क्रियापदात आहे. ‘काय करतोयस?’ नाही, ‘काय करालास?’ ‘मी जेवतोय’ नाही, ‘जेवालोय’. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. मालिकेतली नायकाची आई ‘मी येते हं’ म्हणते, तिथंच ती पुण्याची होते. ‘जातो बाई मी, चुलीवर दूध हाय’ असं म्हणाली असती तर पेठेतल्या प्रत्येक घरात ती ओळखीची वाटली असती.

याचा विनोदाशी थेट संबंध आहे. ‘तू इथे काय करतो आहेस?’ या वाक्याला धारच नाही. ‘हितं काय करालास?’ यात शेवटचा ‘लास’ आपटतो आणि हशा तिथंच फुटतो. संवाद लिहून झाले की इथल्या एखाद्या साठीच्या बाईकडून मोठ्यानं वाचून घ्यावेत आणि ती जिथं अडखळेल ती ओळ बदलावी. मात्र सगळ्यांना एकच बोली देऊ नये. गावोगावच्या नाटक कंपन्यांतून फिरलेली नायिका आणि तालमीतला नायक एकसारखं बोलणार नाहीत, आणि दोघांतल्या त्या फरकातच अर्धा विनोद आहे.

कॉलेजच्या संमेलनात याच काळावर वीस मिनिटांची एकांकिका करतोय. लुगडं आणि कॅमेरा कसा जमवायचा? (विद्यार्थी, विद्यापीठ परिसर)

मालिकेसारखं शिवलेलं नऊवारी घेऊ नका. ते पायजम्यासारखं बसतं आणि निऱ्या चालतानाही हलत नाहीत. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. या भागात इरकली लुगडं आणि खणाची, पुढं गाठ मारायची चोळी शोभून दिसते. सिंथेटिक घेऊ नका, गाठ सुटते. नवं सुती असेल तर आधी दोनदा धुऊन खळ काढा. आत गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी घाला. पदराची लांबी आधी खांद्यावरून मोजून घ्या, उरलेलं कमरेभोवती गुंडाळा, बेंबीपाशी काठाची पक्की गाठ मारा, समोर निऱ्या घाला, खालचा काठ पायांमधून मागं नेऊन काष्टा खोचा. काष्टा सुटतो तो बहुतेक गाठ सैल राहिल्यामुळं, काष्ट्यामुळं नव्हे. गाठ मारताना श्वास सोडून पोट आत घ्या. नेसून दहा मिनिटं उठबस करा, मग पुन्हा खोचा.

कॅमेऱ्यासाठी सहा मिलिमीटर प्लायवूडची साधारण फूटभर लांब-उंच आणि अर्धा फूट रुंद पेटी, पुढं काळ्या रंगाचा पत्र्याचा डबा भिंग म्हणून, उजव्या अंगाला हँडल, खाली लाकडी तिपाई. खरा घाट डोळ्यांत भरून घ्यायचा असेल तर कोल्हापुरातल्या खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ पाहून या. हँडल सेकंदाला दोन फेरे फिरवायचं. मोबाइलवर मेट्रोनोम मिनिटाला एकशेवीस ठोक्यांवर लावा, ठोक्याला एक फेरा. नट अडखळला तरी फिरवणाऱ्याचा हात अडखळता कामा नये, आणि तालमीत बहुतेकांचा अडखळतो. बोलपटाच्या प्रवेशात हँडल काढून ठेवा आणि पेटीला गोधडी गुंडाळा. गोधडी घरचीच आणा, आजीच्या जुन्या लुगड्याची.